काकाच्या पुढे पाऊल

ओमाहा,
२८ एप्रिल

प्रिय दादा,

तुला, लुपे वहिनीला आणि घरातल्या सगळ्यांना माझा आणि फिलोमेनाचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. एप्रिल संपत आला तरी इथली थंडी हटत नाही. फिलोमेना दोन स्वेटर घालून फिरते आणि दोष मला देते, जणू नेब्रास्का मीच वसवलंय.

काल फोनवर बोलणं झालं म्हणायचं, पण खरं तर नुसतं ओरडणंच झालं. तिकडे बेटावर तुमच्याकडे ढोल, पाद्रीबाबांची प्रार्थना, कोणीतरी रिकामा डबा बडवतंय, आणि तू आपला नेहमीसारखा "हं, हं". तुमचा फोन म्हणजे गावची चावडी. म्हणून हे पत्र. एकट्याने वाच.

तर, मनापासून अभिनंदन. इथले अमेरिकन फुटबॉलचे संघ नवे गडी निवडतात त्या ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी, सहाव्या फेरीत, तुझ्या तानिएलूचं नाव पुकारलं. आणि एवढ्या संघांतून त्याला उचललं कोणी, तर माझ्याच संघाने. मी सोफ्यावर बसून कोको पीत होतो, तो सगळा गालिच्यावर गेला. मी इतक्या मोठ्याने ओरडलो म्हणे की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मग फिलोमेना म्हणाली, "तो पण सेंटरच खेळतो ना?"

"हो."

"म्हणजे तुझ्याच जागेवर?"

मी म्हटलं, "गालिचा पूस आधी."

तुम्ही उगाच काळजी करू नये म्हणून सांगतो. ड्राफ्ट झाला की टीव्हीवर आठवडाभर एकच धंदा चालतो: आता संघात कोण राहणार आणि कोणाला नारळ मिळणार. उन्हाळ्यात नव्वद गडी घेतात, ऑगस्टअखेर त्रेपन्न ठेवतात, बाकीच्यांना घरी पाठवतात. कोट घातलेला एक लुकडा माणूस काल आमच्या सगळ्यांची नावं फळ्यावर लावून बसला होता. तानिएलूच्या नावापुढे हिरवा बाण, वर जाणारा. माझ्या नावापुढे लाल, खाली जाणारा. त्या माणसाने जन्मात कोणाला खांदा लावला असेल असं वाटत नाही. गावातली पोरं तुला हे मोबाइलवर दाखवतील. बघू नकोस.

सेंटरचं म्हणशील तर एक आमचा क्रेग, त्याची जागा पक्की. दुसरा त्याच्यामागे तयार उभा राहणारा, म्हणजे मी. कधीकधी तीनही ठेवतात. जागा होते, दादा. सगळ्यांना होते.

पोराला मी माझ्याच घरी ठेवणार. त्याचं खाणं ठाऊक असल्यामुळे फिलोमेनाने मोठं पातेलं आत्ताच काढून ठेवलंय. निघताना तू त्याला चार गोष्टी सांग. चर्च चुकवायचं नाही, उलटून बोलायचं नाही, वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा. घराण्याचा मताई तू, आम्हा सगळ्यांचा प्रमुख. तुझा शब्द तो मोडणार नाही.

आईच्या थडग्यावर माझ्या नावाने फुलं ठेव.

तुझा धाकटा,
पेतेलो


ओमाहा,
१० ऑगस्ट

प्रिय दादा,

वहिनीचा खोकला कसा आहे? नीरफणस यंदा बरा धरलाय असं ऐकलं. इथे उन्हाने जीव नकोसा केलाय. हेल्मेट काढलं की डोक्यातून वाफ निघते.

पोर मजेत आहे. एकही रविवार चुकलेला नाही. फिलोमेनाला भांड्यांना हात लावू देत नाही. सरावाला जाताना माझी बॅग उचलतो, माझे बूट पुसतो, मी बसल्याशिवाय बसत नाही. संघातली पोरं मला चिडवतात, "पेतेलो, हा नोकर कुठून मागवलास? आम्हालाही एक आण." मी म्हणतो, "संस्कार लागतात, बाजारात मिळत नाहीत."

तुझी पाठ थोपटावी तेवढी थोडी. पोर वाढवावं तर असं.

आणि मी तर काय सांगू, यंदा भलताच फॉर्मात. पहिले दोन आठवडे मला वाटलं वय उलटं फिरलं. धावायला लावलं की तानिएलू माझ्यामागे. लोखंडी ढकलगाडी रेटायची असली की मी जास्त लांब नेणार, तो एक हात कमी. समोर आमचा बूकर असतो, दीडशे किलोचा डोंगर. चेंडू मागे द्यायचा आणि त्याला अडवायचं, एवढंच आमचं काम. मी बूकरला अडवला की पोरही अडवतो. मला त्याने आडवा केला की पोरालाही करतो. मी फिलोमेनाला रोज रात्री जेवताना सांगायचो, "बघ, अजून दोन वर्षं कुठे गेली नाहीत." ती मान डोलवायची आणि पोराकडे बघायची. पोर ताटाकडे बघायचं.

मंगळवारी गुडघ्यात पाणी झालं. डॉक्टरने सुई घातली आणि दिवसभर खाटेवर पाय वर करून पडायला सांगितलं. त्या खोलीला मैदानाकडे मोठी खिडकी आहे.

दादा, मी ते बघितलं आणि गुडघा दुखायचा थांबला. तुझ्या पोराने बूकरला जमिनीवरून उचललं. उचललं म्हणजे दोन्ही पाय अधांतरी, आणि उताणा टाकला. एकदा झालं, म्हटलं योगायोग. मग दुसऱ्यांदा. मग बूकर चिडून आला आणि पुन्हा तेच. धावताना क्रेगच्याही पुढे गेला, आणि वर हसत होता. इतक्या दिवसांत मी त्याला मैदानावर हसताना पाहिलं नव्हतं.

बुधवारी मी परत उतरलो. आणि पोर पुन्हा माझ्यामागे, बरोबर एक पाऊल.

मी काही दूधखुळा नाही. आपल्या घरात वाढलोय. तेव्हाच समजलं.

त्या संध्याकाळी आमच्या कोच हॅगर्टीने मला बोलावलं. म्हणाला, "म्हाताऱ्या, सेंटर दोनच ठेवायचे ठरलेत, तिसऱ्याला जागा नाही. तुझ्या पुतण्याचं काही कळत नाही मला. एक दिवस वाघ, बाकीचे दिवस शेळी. काल काय अंगात आलं होतं त्याच्या? तू घरचा माणूस, तूच सांग. पोरात आहे का काही, का देऊ सोडून?"

मी म्हटलं, "लहान आहे अजून."

"मग तूच राहा," तो म्हणाला. "तुझं निदान मला माहीत तरी आहे."

आणि मी "थँक यू, कोच" म्हणून बाहेर आलो. बाहेर पोर माझी बॅग घेऊन उभं होतं.

गाडीत मी त्याला विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "काका, बाबांनी निघताना बजावलंय. काकाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही." मी म्हटलं, "अरे, ते घरात. इथे खेळात सगळं चालतं. तू जोर लाव." "हो काका," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "हो काका".

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. मी सांगितलं खरं, पण कसं सांगितलं? भांडं रिकामं असताना पाहुण्याला "घ्या ना अजून थोडं" म्हणतात तसं. पोर शहाणं आहे. पाहुण्याने काय करायचं असतं ते त्याला कळतं.

आणि मान राखायला सांग असं तुला एप्रिलमध्ये कोणी लिहिलं होतं? मीच. तेव्हा मला वाटलं मी काकाचं कर्तव्य करतोय. खोटं. तो लाल बाण बघून मला घाम फुटला होता. तुझा शब्द तो मोडत नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी तो शब्द तुझ्याकडून मागून घेतला.

मला अजून एक वर्ष हवंय, दादा. पस्तिशीतल्या सेंटरला दुसरा कुठलाच संघ घेत नाही. सकाळी उठून जायचं कुठे, या विचाराने मला धडकी भरते. फिलोमेनालाही हे बोललेलो नाही. पण पोराला आता सोडलं तर तोही पुन्हा कोणाला दिसणार नाही. एक दिवसाचा वाघ म्हणून त्याच्या नावावर काट मारतील, आणि तो गावात येऊन टूना माशांच्या कारखान्यात उभा राहील आणि कोणाला कधी काही सांगणार नाही. हेच मला सहन होत नाही. तो भांडला असता, हरला असता, तर मी छाती काढून फिरलो असतो.

फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा वहिनीने उचलला आणि मी अळकुड्यांची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून हे पत्र आपल्या चर्चमधल्या नर्सच्या हाती देतोय. शुक्रवारी ती तिकडे पोचेल.

तू त्याला फोन कर. मी सांगून उपयोग नाही. माझ्या सांगण्यात खोट आहे आणि त्याला ती ऐकू येते. तुझ्या तोंडून जाऊ दे. महिनाअखेरीच्या मंगळवारी यादी लागते. लवकर कर, नाहीतर माझं मन बदलेल आणि मी नर्सच्या मागे विमानतळावर धावत जाईन.

पेतेलो


ओमाहा,
३० ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला माझा नमस्कार सांग.

तू फोन केलास ते मला पोराने सांगितलं नाही. मैदानावर कळलं.

सराव संपताना हॅगर्टी आम्हा सगळ्या जाड्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळवतो. मी पुढे, पोर मागे, नेहमीसारखं. अर्ध्या वाटेवर मला त्याचा श्वास कानाशी ऐकू आला. आणि काय केलं असेल तुझ्या चिरंजीवाने? घरात मोठी माणसं बसलेली असताना पुढून जावं लागलं की पोरं वाकतात ना, तसा वाकला. पळता पळता. पाठ वाकवलेली, एक हात जमिनीशी, माफी मागतात तसं "तुलोऊ, काका" म्हणाला आणि माझ्यापुढून निघून गेला.

हॅगर्टी ओरडला, "अरे, काय पडलंय तुझं? नंतर शोध!"

मी पळायचा थांबलो. हसू येत होतं आणि रडूही. गुडघा धरून खाली बसलो, म्हणजे लोकांना वाटावं की गुडघाच आहे.

त्यानंतर दहा-बारा दिवस त्याने मला सगळ्यात मागे टाकलं. प्रत्येक वेळी आधी पुटपुटायचा, "तुलोऊ". बूकरला उताणा टाकायचा आणि माझ्याकडे बघायचा, चुकलं का म्हणून. मीही सोडलं नाही हो. तुला वाटेल मी मुद्दाम हरलो, तसं नाही. बुडाला आग लागल्यासारखा खेळलो. शेवटच्या सराव सामन्यात तर असा खेळलो की फिलोमेना म्हणाली, "लग्नानंतर तुला एवढा जोर लावताना पाहिलं नाही." तरी पुरलो नाही. त्याच्यापुढे मी पुरत नाही, दादा, हे लिहायला हात जड होतोय, पण खरं आहे.

मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?" तेव्हा सांगितलं. "बाबा म्हणाले, काका पुढे जा म्हणतो तर जा. मोठ्याचं ऐकायचं नाही, मग मान कसला ठेवतोस?" आयुष्यभर "हं" म्हणणारा माणूस तू, आणि बोललास तर हे.

मंगळवारी सकाळी ऑफिसमधला माणूस आला. त्याला बघून सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागतात. माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "कोचने बोलावलंय." हॅगर्टी चांगलं बोलला. काय बोलला ते आठवत नाही. कपाटातलं सामान एका पिशवीत मावलं. मला आनंद झालाय असं मी लिहिणार नाही.

तानिएलू राहिला. पहिला सामना या रविवारी. आणि क्रेगचा घोटा दुखावलाय, म्हणजे सुरुवातीलाच आपलं पोर उतरणार.

संध्याकाळी पोर घरी आलं. फिलोमेनाने नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवून पालुसामी केली होती, अळकुड्या, कोंबडी. त्याने माझं ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि लांब जाऊन चटईवर बसलं, मांडी घालून, खाली बघत. मी हात लावला नाही. मला भूकच नव्हती. फिलोमेना त्याला म्हणाली, "तू तरी जेव." त्याने मान हलवली. काका जेवल्याशिवाय तो जेवणार नव्हता. तासभर आम्ही दोघे तसेच बसलो. मला एकट्याला कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं, खरं सांगतो, त्याचा रागही येत होता.

मग मनात आलं, याला रविवारी खेळायचंय. हा असा उपाशी राहिला तर बूकरसारख्यांपुढे उभा कसा राहणार?

म्हणून मी जेवलो. घास गिळवत नव्हता, तरी ताटातलं सगळं संपवलं, दुसऱ्यांदाही मागून घेतलं. माझं पूर्ण झालं तेव्हा त्याने आपलं ताट ओढलं. किती खाल्लं म्हणून सांगू. पातेलं रिकामं केलं पोराने.

पोटभर जेवलेला,
तुझा धाकटा भाऊ
पेतेलो