मिनूचं मशीन डब्यात

११ मे
गडचिरोलीचं ट्रेनिंग आटोपून धानोऱ्याला घरी. सासूबाई मिनूला घेऊन तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. अख्खी वस्तीच जंगलात, पोरीला ठेवणार कुणाकडे? ऐकू येण्याचं कॉक्लिअरचं मशीन पडू नये म्हणून डोक्याला दुपट्टा गच्च बांधलेला, सकाळपासून. कानामागे चुंबक चिकटतं तिथली कातडी लालबुंद. डोकं फिरलं. पण पोर जेमतेम तीन वर्षांची, चेहरे बघून घाबरते. दुपट्टा सोडायला घेतला.

१२ मे
लाल जागेवर फोड. मशीन लावताच रडली. शेवटी विचारलंच, एवढं आवळलं कशाला. सासूबाई म्हणाल्या, "जंगलात पडलं असतं त कुठी सापडलं असतं?" डोळ्यात तेल घालून जपलं, तेच नडलं.

१४ मे
पहिल्या एसटीने नागपूर. डॉ. म्हणाले, दाबाने कातडी सोलली, पू झालाय. जखम भरेपर्यंत मशीन बंद. पू आत पोचला तर गेल्या वर्षी ऑपरेशन करून बसवलेलं सगळं काढावं लागेल. पुन्हा बसवता येईल का? "आधी हे वाचवू." इतकंच.
ह्यांना ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फोन केला, ड्यूटीवर होते. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, जेवलीस का.

१७ मे
मशीन डब्यात. आत्ता कुठे नावाला वळायला लागली होती, कुकरच्या शिट्टीला हसायची. आज मागे परात पडली, मान वर नाही.
सासूबाई पत्त्याला जात नाहीत. ऐन हंगामात. शेजारीण मोहाचं तेल घेऊन आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. "डाक्टरले इचारल्याबिगर काईच लावाचं नाई." मला हसू आलं. राग मात्र गेलेला नाही.

२१ मे
सूज उतरली, जखमेतलं पाणी थांबत नाही. परवा नागपूर. आतलं ठेवायचं की काढायचं, तेव्हाच कळेल. भीती वाटते. ह्यांना सुट्टी मिळाली तर बरं.
मिनू दिवसभर "आजी, आजी" करते. नुकताच शिकलेला शब्द. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, आमचाही नाही. सासूबाई तरीही हातातलं काम टाकून प्रत्येक हाकेला ओ देतात.