माडांतला झोपाळा

शनिवार, संध्याकाळ
अंबरनाथ पश्चिम

समुद्रावर जाऊन नुसतं पडून राहायचं, एवढंच ठरलं होतं. दोन कड्यांच्या मधला एवढासा किनारा आणि माडांना बांधलेला झोपाळा. फोटो बघूनच मी हो म्हटलं. सासरचं गाव तिथून जवळच, हे माहीत होतं. पण घराच्या वाटणीवरून दीर आणि हे भांडले, सासूबाई आमच्याकडे आल्या, तेव्हापासून कोणीच तिकडे फिरकलेलं नाही. म्हटलं, गुपचूप जाऊ, गुपचूप येऊ.

आज ह्यांनी खोलीवाल्याला फोन लावला. "कुठले तुम्ही?" त्याने विचारलं. अंबरनाथ म्हणायचं ना. पण नाही, कोकणातला माणूस, गाव आणि वाडी सांगितल्याशिवाय राहवतंय कुठे.

"मग तुमच्या भावाला ओळखतो की. सांगतो त्याला, तुम्ही येताय म्हणून."

आता गावच्या घरी गेलो नाही तर गावभर होणार. गेलो तर उंबऱ्यात उभं राहून बोलायचं काय? बुकिंग कॅन्सल करा म्हटलं तर हे म्हणतात, आता निरोप गेलाही असेल. मी झोपाळ्याचा फोटो परत काढून बघत बसले. राग नक्की कसला येतोय मला? झोपाळा गेला म्हणून?

सासूबाई सगळं ऐकत होत्या. उठून आत गेल्या आणि देवीच्या ओटीसाठी ठेवणीतला हिरवा खण काढला.

"तुम्ही राहा समुद्रावर. मला फक्त घरी सोडा."

"आणि परत न्यायला कधी येऊ, आई?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी खणाची घडी मोडली, पुन्हा घातली.