फ्रिजची झिणझिण

९ एप्रिल

फ्रिज चावतो! ताक काढायला हात लावला तर बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण. कुठून तरी वीज पत्र्यावर उतरते आहे. उद्या बघू.

१० एप्रिल

दुरुस्ती राहिली, प्रयोग झाला. चप्पल घालून हात लावला – काही नाही. चप्पल काढून ओल्या फरशीवर उभा राहिलो – आहे! जन्मभर वर्गात हेच शिकवलं. रबरातले इलेक्ट्रॉन घरकोंबडे, जागचे हलत नाहीत. तांब्यातले गावभर उंडारणारे. माणूस दोहोंच्या मधला. कोरडा असला की अडवतो, भिजला की वाट देतो.

ताक नको होतं तरी संध्याकाळी पुन्हा एकदा फ्रिज उघडला.

१३ एप्रिल

आज कोणाशी बोललो नाही. दुधाची पिशवी दाराला टांगलेली असते.

१४ एप्रिल

तमिळ नववर्ष. शेजारची अंबा कैरीची पच्चडी घेऊन आली आणि मागल्या अंगणातली वाळलेली तुळस बघून माझ्यावर घसरली. झाडाचं सरपण केलंत म्हणाली. मी म्हटलं, ज्या देवाला कामाक्षी राखता आली नाही त्याचं झाड मी का राखू? बिचारी पच्चडी ठेवून गेली. तिला असं बोलायला नको होतं.

पच्चडी फ्रिजमध्ये ठेवली. चप्पल काढून.

लिहूनच टाकतो – देवनागरी या घरात आता वाचतं कोण! हरिणीला, माझ्या लेकीलाही येत नाही, ती तमिळ शाळेत शिकली. माझी बायको कामाक्षी जानेवारीत, पोंगलच्या आधी गेली. तेव्हापासून मला कोणी हात लावलेला नाही. न्हावी लावतो, तो डोक्याला. बाकी हा फ्रिज. भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर, गळती कळते, धोका कळतो – आणि दुरुस्त करावंसं वाटत नाही. घरात शिरल्यावर काहीतरी अंगाला ओळख देतं, एवढंच.

२२ एप्रिल

हरिणीचा फोन. मे महिन्यात कोइंबतूरहून येते आहे, माझ्या नातीला, वर्षाला घेऊन. आनंद झाला आणि लगेच फ्रिज आठवला. वर्षा पाच वर्षांची. दिवसभर अनवाणी, हात कायम ओले, घटकेघटकेला फ्रिज उघडून बर्फ चोखणार. मला जी झिणझिण वाटते ती त्या कोवळ्या ओल्या कातडीला झिणझिण राहणार नाही.

दुरुस्त करायलाच हवं.

२४ एप्रिल

मीटर काढलं. फ्रिजचा पत्रा ते नळ – साठ व्होल्ट. धुण्याच्या मशीनलाही तेच! म्हणजे आजारी फ्रिज नव्हे, घर. थोडी गळती सगळ्याच यंत्रांना असते. ती अर्थिंगच्या तारेनं गुपचूप मातीत जाते. माती घेईनाशी झाली की पत्र्यावर ताटकळते, आणि जो हात लावील त्याच्यातून उतरते. इतके दिवस मातीचं काम मी करत होतो.

२५ एप्रिल

अर्थिंगची तार धरून मागल्या अंगणात गेलो. भिंतीवरून उतरून थेट तुळशीच्या कट्ट्यात! खणलं. लोखंडी पाइप, भोवती कोळसा, मीठ. माती हाडासारखी वाळलेली.

वर्गात दरवर्षी करायचो – शुद्ध पाण्यात दोन तारा, दिवा लागत नाही. चिमूटभर मीठ टाकलं की लागतो. उलटंही खरंच की! नुसत्या कोरड्या मिठातून वीज वाहत नाही, ते विरघळायला पाणी लागतं. खड्ड्यात मीठ होतं. पाणी रोज सकाळी कामाक्षी घालत होती. मी हसायचो तिला. अर्धं पाणी ऊनच पितं, विष्णूला काय मिळतं, म्हणायचो.

अंबाला विचारलं. ती म्हणाली, तुळस आधी पुढच्या दाराशी होती. वायरिंग नवं केलं त्या वर्षी कामाक्षीनं मागं हलवली. मी तेव्हा कुंभकोणमला पेपर तपासत होतो.

दवाखान्यात रोज एकच धोशा होता तिचा – "तुळशीस पाणी घाला हो, विसरूं नका." मला राग यायचा. जाता जाताही देवच पुढं, मी मागं! हो म्हणायचो, घालायचो नाही.

देवासाठी सांगत होती, की खड्ड्यासाठी – माझ्यासाठी? आता कोणाला विचारू?

२६ एप्रिल

सकाळी दोन घागरी ओतल्या. संध्याकाळी मीटर तीनवर.

चप्पल काढली, फरशी ओली केली, हात ठेवला. काही नाही. नुसता गार पत्रा. तिथंच खाली बसून रडलो.

९ मे

अग्निनक्षत्राचं, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन, कालवे कोरडे, आणि घरात वर्षा! टॉर्चचा सेल, छोटा दिवा, दोन तारा घेऊन बसलो. चमचा – लागला. लाकडी पळी – नाही. तिनं दोन्ही तारा मुठीत धरल्या, दिवा ढिम्म. तिचं तोंड पडलं. "ताता, मी चालत नाही?" चालतेस, म्हटलं, वीज तुझ्यातूनही जाते, पण फार थोडी, या दिव्याला तेवढी पुरत नाही. पटलेलं दिसलं नाही.

फ्रिजला तिनं आज कितीदा हात लावला, देव जाणे. प्रत्येक वेळी मी हातातलं टाकून बघतो.

१२ मे

अंबा आणि वर्षानं कट्ट्यात तुळशीचं नवं रोप लावलं. हरिणी म्हणाली, "अप्पा, एकटे कशास राहतां इथं? चला आमच्यासंगती." तुळशीला पाणी कोण घालील, म्हणालो. ती हसली, मग माझ्याकडे बघतच राहिली.

दुपारी वर्षा माझ्या पोटावर पाय टाकून झोपली. मुंग्या आल्या तरी कूस बदलली नाही.

१९ मे

गेल्या दोघी. गाडी सुटेपर्यंत वर्षा खिडकीतून माझं बोट धरून होती. रोज पाणी घालायचं कबूल करून घेतलं.

घरी आलो. आधी फ्रिजला हात लावला. गार.

२१ मे

पाणी घातलं.

२३ मे

पाणी घातलं. कोणाशी बोललो नाही.

२९ मे

वर्षाचा फोन. तुळशीला पाणी घातलं का, विचारत होती. घातलं, म्हणालो. खोटं नाही – रोप मी कुंडीत हलवलं आहे, त्याला रोज घालतो.

खड्डा वाळतो आहे. चप्पल दाराशी काढून ठेवली आहे.