बोक्याला सोडायला आलेली बाई

सोमवार, ४ मार्च
आज एकीला चांगलंच सुनावलं. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. आमच्या प्राण्यांच्या निवारा केंद्रात कुत्रा सोडायला आली होती. कुत्र्याचं नाव बोका! हसू आलं, आवरलं. "दिवसभर एकटा भुंकतो हो, घरमालकाने रविवारपर्यंतची मुदत दिलीये..." पुढचं मी ऐकलंच नाही. म्हटलं, "पोटचं पोर रडलं असतं तर तेही आणून सोडलं असतं?"
तिने अर्ज पुढे ओढला. सही केली. पट्टा काही सोडवेना तिला – शेवटी मीच तिच्या हातातून ओढून घेतला.
अशांना असंच पाहिजे.

बुधवार, ६ मार्च
बोका गेला. एक शिक्षिका घेऊन गेली. खरं तर आठवडाभर थांबायचं असतं, मालकाचं मन बदललं तर म्हणून. मी कालच 'देण्यास तयार' असा शेरा मारला होता. रागाच्या भरात.

गुरुवार, ७ मार्च
केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याचा अर्ज पाहिला. "एकटा असला की भुंकतो – एवढंच कारण? मग दिवसाच्या सोयीचं सांगितलंत ना?"
नाही सांगितलं.
सकाळी कामावर जाताना कुत्रा आमच्या मागच्या अंगणात सोडायचा, संध्याकाळी घरी न्यायचा. गेल्याच महिन्यात सुरू केलंय, लोकांना कुत्री सोडावी लागू नयेत म्हणून. माझ्या खुर्चीमागच्या फळ्यावर लिहिलंय. माझ्याच अक्षरात!
डॉक्टरीणबाईंनी फळ्याकडे पाहिलं आणि अर्ज माझ्यापुढे ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८ मार्च
शिक्षिकेला फोन केला. "मुलीला लळा लागलाय हो. आता नाही देता येणार." तिचं तरी काय चुकलं?

शनिवार, ९ मार्च
बाईच्या घरी गेलो. एकच खोली. शिलाई मशीन, खाट, दारावर खाली नखांचे ओरखडे. मला बघून ताडकन उठली – "परत आणलात?"
जिना चढताना जुळवलेलं सगळं विसरलो. बोका दिला, हे सांगितलं. सोय होती, हेही सांगितलं. ते गिळलं असतं तर कुणाला कळणार होतं? गिळावंसं वाटलं होतं, हे इथे तरी लिहितो.
ती खाटेवरची चादर नीट करत राहिली. नीटच होती ती. मग म्हणाली, "पाव दुधात भिजवून दिला तरच खातो. सांगा त्यांना."
वर मला पाणी विचारलं!
घरी बायको म्हणाली, "चेहरा का उतरलाय?" म्हटलं, उन्हाने.

रविवार, १० मार्च
शिक्षिकेला पाव-दुधाचं सांगितलं. "अगंबाई, म्हणून खात नव्हता होय!"
चार दिवस उपाशी.

गुरुवार, २१ मार्च
बाईचा फोन. तिच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा कुत्रा सोडायचं म्हणताहेत.
म्हटलं, "मी येतो लगेच."
"तुम्ही नका येऊ. मीच बोलते त्यांच्याशी. काय काय विचारायचं असतं, तेवढं सांगा – लिहून घेते."