शेवटच्या बोर्डाचे डोळे

४ फेब्रुवारी
थिएटर बंद होणार, नक्की झालं! मॅनेजरकाका सकाळी थेट बाबांच्या रंगकामाच्या शेडमध्ये आले. वीस तारखेला शेवटचा खेळ, चाळीस वर्षांपूर्वी गाजलेलाच सिनेमा. आणि बाहेर बोर्ड हाताने रंगवलेला. "फ्लेक्स नको, पेंटर. तुमच्याच हातचा पाहिजे." बाबा धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवायला बसले.

मला धास्ती वाटते, बाबांना हल्ली अंधुक दिसतं. परवा त्यांनी चहाचा कप समजून टर्पेंटाइनचा डबा उचलला होता.

८ फेब्रुवारी
नायिकेच्या फोटोवर चौकटी आखल्या, कापडावर त्याच मोठ्या करून आखल्या. बाबा रंग सांगतात, मी भरते. अक्षरं तर माझीच. पूर्वी म्हणे हातगाडीवर छोटा बोर्ड ठेवून, पुढे ढोल वाजवत गल्लोगल्ली फिरवायचे. "गोष्ट कुणाला ठाऊक असायची गं? चेहरा बघून तिकीट काढायचे लोक."

डोळे मात्र बाबाच काढणार, सगळ्यात शेवटी. आजवर मला हात लावू दिलेला नाही.

१५ फेब्रुवारी
डोळे झाले. अरे देवा! बाबा दोन तास कापडाला नाक लावून उभे होते. नायिकेचे डोळे वटारलेले, उभेच्या उभे ताणलेले, बुबुळं पायांकडे. "कसे झाले?" — "छान," म्हणाले मी.

१६ फेब्रुवारी
दादा बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेला. तेवढ्यात मी डोळे नव्याने काढले. फोटोबरहुकूम. चोरी ती चोरीच! पण शेवटच्या बोर्डावरून लोक त्यांना हसले असते, तर मला सहन झालं नसतं.

१९ फेब्रुवारी
बोर्ड चढला. तिकीट खिडकीवरच्या मावशी खालून बघत म्हणाल्या, "बाई डुलक्या घेतायत की काय?"

खरंच! दोन मजले वर गेल्यावर डोळे चेपून मिटल्यासारखे झालेत. नजर आभाळात. म्हणून बाबांनी ते उभे वाढवले होते, बुबुळं रस्त्याकडे उतरवली होती! दिसत नसलं तरी हाताला उंचीचा अंदाज होता. मूर्ख मी.

बाबांनी विचारलं, "कशी दिसते गं?" मी पुन्हा म्हणाले, "छान." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० फेब्रुवारी, सकाळी
राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, रडले. बाबांनी चाचपडत काठी घेतली. मग म्हणाले, "कालच कळलं. बोर्डाखाली कुणाची पावलं थांबली नाहीत. चल, शिडी लाव."

दुपारी
मी वर, बाबा रस्त्यापलीकडे काठी टेकून. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारत होते, "ती कुणाकडे बघतेय हो?"

"आभाळाकडे."

"बुबुळं उतरव गं! पापणी वर घे!"

तासाभराने एक आजीबाई थांबल्या. "अगंबाई, माझ्याकडेच बघतेय की!" मागून येणारा टपालवाला म्हणाला, "छे, माझ्याकडे!"

बाबांनी काठी उंचावली. "उतर आता. झालं."

२१ फेब्रुवारी
बोर्ड उतरवला. कापडाची घडी घालताना बाबा म्हणाले, "मी डोळे काढले त्या दिवशी तू नुसतं छान म्हणालीस. डोळे असे का, म्हणून विचारशील, याची मी वाट बघत होतो."