खळ्यावरची कॉमेंट्री

आये,

काल दुपारी शेजारच्या मुलाने फोनवर मॅच लावली होती, आणि खिडकीतून एका बाईचा आवाज आला. मराठीत बोलत होती, न अडखळता. चेंडू पडायच्या आधी श्वास धरायची आणि पडल्यावर सोडायची. मी हातातली भाजी खाली ठेवली. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुला पाहिलेलं माणूस श्रीवर्धनात शोधावं लागेल, आणि माझं वयही तुझ्या अखेरच्या वयाच्या कितीतरी पुढे निघून गेलंय. तरी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हे आयेला सांगायला हवं. म्हणून लिहायला बसलेय. आठवतंय तेवढं सगळं लिहूनच उठायचं ठरवलंय. हा हट्ट कुणाकडून आला ते तुला सांगायला नको.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. बाबा मुंबईला गिरणीत, आपण दोघी थोरल्या काकांच्या घरात, आणि थंडी पडली की तू मालकांच्या वाडीत सुपारी सोलायला. त्या साली मालकांनी रेडिओ आणला. ओटीवरच्या फळीवर तो देवासारखा बसवला होता. त्याची विटेएवढी बॅटरी मुंबईहून आगबोटीने यायची आणि एरियलची तार दोन पोफळींच्या मध्ये ताणून बांधली होती. मॅच असली की गावातली शिकलेली माणसं ओटीवर जमायची. खाली अंगणातल्या खळ्यावर तुम्ही बायका ओळीने बसून सोलत असायचात. आवाज खळ्यापर्यंत यायचा, पण सगळं इंग्रजीत. बाकीच्यांना ती नुसती कटकट वाटायची. तू मात्र हात न थांबवता मान वाकडी करून ऐकायचीस, पाण्याखाली मासा फिरतोय का ते बघावं तशी.

बोलणाऱ्या माणसांना तू नावं ठेवली होतीस. खर्जात, सावकाश, कीर्तनाला उभं राहिल्यासारखा बोलणारा तो बुवा. दुसरा झरझर बोलायचा, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची, तो लगीनघाई. तिसऱ्याच्या गालात कायम काहीतरी ठेवलंय असं वाटायचं, तो पानवाला. तुझा जीव बुवांवर. कुणी बाद झालं की लगीनघाई ओरडत सुटायचा, बुवा मात्र गप्प व्हायचे. मागचा सगळा गलका ते आधी येऊ द्यायचे, आणि तो उतरला की हळूच म्हणायचे, ‘दॅट इज दॅट.’ तेवढे तीन शब्द तुला पाठ झाले होते. चुलीवरची भाकरी करपली की तू त्यांच्याच आवाजात म्हणायचीस, ‘द्याटीज द्याट,’ आणि मला हसू आवरायचं नाही.

एक दिवस तू मालकांना विचारलंस, बुवा आत्ता येवढं काय बोलले. मालक भले माणूस होते, चिडले नाहीत. म्हणाले, एक जण बाद झाला. तू म्हणालीस की ते तर बराच वेळ बोलत होते, आणि तुम्ही दोन शब्दांत उरकलंत. ओटीवरचे सगळे हसले. तूही हसलीस. पण त्या संध्याकाळी वाडीतून घरी येताना तू एकदम थांबलीस आणि मला म्हणालीस, “बाय, तू इंग्रजी शिकायचं. त्या पेटीत काय बोलतात ते मला सगळं पायजे.” मी तेव्हा मराठी तिसरीत होते. मला वाटलं, तू विसरशील.

तू विसरली नाहीस. माझी सातवीची परीक्षा जवळ आली तेव्हा काका म्हणाले की झालं तेवढं पुष्कळ झालं, आता घरकाम शिकू दे. आपल्या घरात पोरींचं शिक्षण तिथेच संपायचं, आणि काकांनी त्यात काही वावगं केलं असं नाही, सगळे तसंच करत होते. तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. शिमग्याला बाबा आगबोटीने दिघीला उतरून घरी आले, तोवर थांबलीस. त्यांना जेवायला वाढताना, काका शेजारीच पाटावर असताना, पदर सारखा करून तू म्हणालीस, “पोरीला हायस्कुलात घाला. न्हायतर मी तिला घेऊन तुमच्यासंगं मुंबयला येते. खोलीत किती का पुरुष झोपत असंनात.” बाबांचा घास हातात राहिला. गिरणीतल्या माणसांच्या त्या खोलीत अंथरूण टाकायलाही पाळी लावायला लागायची, आणि तू येते म्हटलंस म्हणजे येणार, हे त्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये मी आठवीच्या वर्गात बसले होते.

तिथून आपल्या दोघींचं खरं शिक्षण सुरू झालं. शनिवारी दुपारी आणि रविवारी मी खळ्यावर तुझ्याजवळ बसायची आणि येईल तेवढं सांगायची. यायचं थोडंच. ‘मेडन ओव्हर’ म्हणजे काय ते शाळेच्या डिक्शनरीत शोधलं, तर कुमारिका निघाली. तुम्ही सगळ्या पोट धरून हसलात. त्यानंतर खळ्यावर धाव न निघालेल्या षटकाला कुणी दुसरं नाव घेतलं नाही. ‘गेली कुमारिका बिनलग्नाची,’ असं म्हणून सुपारीचं साल टोपलीत टाकायचं. पण तू हसण्यावर भागवणारी नव्हतीस. मी म्हणायची, त्याने चेंडू मारला, दोन धावा झाल्या. तू म्हणायचीस, कुठं मारला, तो धावला कसा, बुवांचा आवाज मधेच का चढला. मी सांगायची की एवढं ते बोललेच नाहीत. बोलले, तुला आयकू न्हाय आलं, असं तुझं उत्तर. एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा तू सोलायचं पातं बाजूला ठेवलंस, माझी वेणी सारखी केलीस आणि म्हणालीस, “शब्द नको देऊस मला. तिथं नेऊन बसव.” पुढे आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, प्रशिक्षणं घेतली, पुस्तकं वाचली. भाषांतराबद्दल याच्यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

मग हळूहळू जमायला लागलं. बुवा सावकाश बोलत, त्यामुळे त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं सुरू होई. बागेला पाणी द्यायचा रहाट करकरायला लागला की काही ऐकू येत नसे, तेव्हा तू गड्याला सांगून बैल थांबवायचीस आणि मालक ओटीवरून बघून न बघितल्यासारखं करायचे. मी दहावीत असतानाचा तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. मुंबईत कसोटी चाललीय. आपली बाजू गोलंदाजी करतेय आणि पाहुण्यांचा एक जण काही केल्या बाद होत नाही. सकाळपासून बायकांनी त्याला शिव्या घालून झाल्यात. बुवा बोलतायत. त्याने उंच मारला, चेंडू आभाळात गेला, फार उंच, खालून एक जण धावतोय, असं ते म्हणतायत, मी सांगतेय, आणि रेडिओ बंद पडतो. आधी खरखर, मग तीही नाही. बॅटरी उतरली होती. नवी पुढच्या बोटीने येणार. मालकांनी बटण फिरवून बघितलं, थाप मारून बघितली. ओटीवरची माणसं चपला शोधायला लागली.

तू उठली नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, “बॉल वर हाय. त्याला तसाच वर ठेवून घरी जायचं व्हय? बोल तू.”

मी म्हटलं, आये, मला काय माहीत पुढं काय झालं. तू म्हणालीस, तुला ठाऊक हाय ते कसे बोलतात, मग बोल. आणि बाकीच्या बायकाही पाती खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभी राहिले. मग मी डोळे मिटले आणि बोलायला लागले. तो धावतोय, डोळ्यांवर ऊन येतंय, एक हात कपाळावर धरलाय, चेंडू खाली येतोय, हातात आला, सुटला, छातीवर आपटला, पुन्हा धरला. मग मी बुवांसारखी गप्प झाले. खळ्यावर सगळ्या पुढे वाकल्या. मग हळूच म्हटलं, झालं, गेला. तुम्ही सगळ्यांनी एवढा गलका केलात की रहाटाचा बैल बिचकला. चपला घातलेले पुरुष ओटीच्या पायरीवर परत बसले. मी चहापर्यंतचा सगळा खेळ सांगितला, बुवांच्या आवाजात, लगीनघाईच्या आवाजात, पानवाल्याच्याही. दुसऱ्या दिवशी मोटारीने पेपर आला आणि कळलं की तो झेल सुटला होता, आणि तो गडी दिवसभर खेळतच राहिला होता. मी ओशाळले. तू म्हणालीस, पेपरवाल्याला लांबून नीट दिसलं नसंल.

पण त्या रविवारी काका काही कामाने मालकांकडे आले होते आणि बांबूच्या फाटकाशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. दिवेलागणीला ते घरी ओटीवर बसून म्हणाले की पोरगी चार पुरुषांसमोर बाजारात ओरडतात तशी ओरडत होती, हेच शिकवतात का तिथं, उद्यापासून शाळा बंद, आणि माझ्या ओळखीत एक स्थळ आहे. मी दाराआड उभी होते. मला वाटलं तू बोलशील. तू फक्त दिव्याची काच पुसत राहिलीस. त्या वेळी मला तुझा राग आला होता.

सकाळी तू मला लवकर उठवलंस, वेणी घातलीस, मालकांकडून न सोललेल्या सुपारीची टोपली डोक्यावर घेतलीस आणि माझ्याबरोबर शाळेच्या रस्त्याला लागलीस. मला फाटकातून आत पाठवलंस आणि स्वतः दगडी गडग्याबाहेरच्या आंब्याखाली बैठक मारून सोलायला बसलीस. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. मधल्या सुट्टीत हेडमास्तर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं की बाई, इथं का बसलात. तू उभी राहून म्हणालीस, “हिचे काका न्यायला आले, तर त्यांना बसा म्हनायला कोन हाय? म्हनून बसलेय.” शिपायाला सांगून हेडमास्तरांनी तुला पाण्याचा तांब्या पाठवला.

तू दुसऱ्या दिवशीही बसलीस, तिसऱ्याही. येणारे-जाणारे चौकशी करायचे आणि तू सगळ्यांना तेच उत्तर द्यायचीस, काकांबद्दल एकही वाकडा शब्द न काढता. आठवडा संपायच्या आत काकांना वाण्याच्या दुकानात, देवळात, बंदरावर लोक विचारायला लागले की शाळेत कधी येताय. शेवटी एका सकाळी ते दारात आडवे आले. ते तुझ्याकडे न बघता म्हणाले की टोपली जड आहे, वाडीतच बसून सोलायला सांगा हिच्या आईला. स्थळाचं नाव पुन्हा निघालं नाही. आणि तुला आठवतंय का, पुढच्याच थंडीत मॅचच्या दिवशी घरी आल्यावर ते माझ्या पुस्तकाकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारायचे, आज बुवा काय म्हणाले? मी सांगायची. ते तंबाखू मळायचं विसरून ऐकत राहायचे.

मी शिक्षिका झाले. मुरुडच्या शाळेत लागले, आणि सुट्टी लागली की आगरदांड्याहून होडीने दिघीला उतरून तुझ्याकडे यायची. त्या शाळेतून मुली मधेच गळायच्या, कोळीवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या, आतल्या गावांतल्या. मी त्यांच्या घरी जायची. बापांशी, चुलत्यांशी वाद घालायची नाही. ओटीवर बसायची आणि चहा झाला तरी उठायची नाही. काही परत आल्या, काही नाही. जिथे हरले तिथेही दुसऱ्या वर्षी पुन्हा जाऊन बसले.

तुझं शेवटचं आजारपण साठ सालानंतरचं. तू पडवीत खाटेवर, उशाशी मी आणलेला ट्रान्झिस्टर. बुवा तोवर बोलायचे थांबले होते, पानवाल्याचाही पत्ता नव्हता. आता हिंदीतही कॉमेंट्री यायला लागली होती. मला वाटलं, बरं झालं, हिला आता थेट कळेल, माझी गरज नाही. मी हिंदी लावून दिली. तू बराच वेळ ऐकलंस. मग हात लांब करून आवाज कमी केलास. मी विचारलं, कळत नाही का. तू म्हणालीस, “कळतं सगळं. पन तू सांग.” आणि मी खाटेशी बसून, पुन्हा इंग्रजी लावून, एक कान ट्रान्झिस्टरला देऊन तुला सांगत राहिले. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मधेच हसलीस. कशाला, ते मी विचारलं नाही. तो सामना संपायच्या आधीच तू गेलीस.

लिहून झालं. हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे घडी घालायचीही घाई नाही. एकच गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, ती सांगून टाकते. आये, मला क्रिकेट कधीच आवडलं नाही. आजही कुणी मॅच लावली तर थोड्या वेळाने मी उठून जाते. इतकी वर्षं मी खेळ सांगत होते, पण बघत होते ते तुझ्या तोंडाकडे.