अभिजीतची गाडी शिकताना

९ नोव्हेंबर, रविवार

आज गाडी चालू केली. मी! म्हणजे नुसती चालू केली, जागेवरून हलवली नाही.

अभिजीत डाव्या सीटवर बसला. पहिल्यांदाच. बसताना त्याचं डोकं आपटलं. ही गाडी इतकी बुटकी की आधी बूड टेकायचं आणि मग पाय आत ओढायचे. त्याला उजव्या बाजूने बसायची सवय, डावीकडून जमेना. मी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे."

मग एकेक सांगायला लागला. ब्रेकवर पाय, पूर्ण दाब. आता ते लाल बटण. दाबलं आणि पाठीमागून काहीतरी गुरगुरत उठलं. इंजिन मागे आहे, अगदी आपल्या पाठीला लागून. पुढचं झाकण उघडलं की आत नुसती सामानाची जागा. घरात एवढे दिवस ही गाडी आहे आणि हे मला माहीतच नव्हतं.

"थंड असताना ओरडते. मिनिटभर थांब, शांत होईल."

झाली.

गाडी ज्यांच्याकडून घेतली त्या उल्हासनगरच्या महेंद्रशेठचा सकाळी फोन आला होता. "भाभी, गाडी ऐसे खडी मत रखो. बॅटरी बसेल, टायर एका बाजूने चपटे होतील. एक तर चालवा, नाही तर मला परत द्या, मी गिऱ्हाईक बघतो." अभिजीत शेजारी ऐकत होता. म्हणाला, "संजू चालवेल."

मला विचारलंसुद्धा नाही.

१० नोव्हेंबर

लिहून टाकते, नाही तर डोक्यात घोळत राहतं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. अभिजीत गाडी गेटातून आत घेत होता. शेजारच्या बनूबाई कडेला उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. आरसा त्यांच्या पदराला घासून गेला. पिशवी पडली, त्या वाचल्या. त्या ओरडल्या तेव्हा त्याला कळलं. नंतर मला सारखा विचारत होता, "पण ती होती कुठे?" दोन हातांवर होत्या रे. समोर नाही, बाजूला.

मग कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टर. मशीनमध्ये डोकं घालून किती तरी वेळ तपासलं. बाई म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. कडेचं दिसणं आधी जातं. अंधारात आधी, मग उजेडातही. नळीतून बघावं तसं होत जातं, आणि नळी बारीक होत जाते. औषध नाही. गाडी आजपासून बंद.

मी तिथेच रडले. तो नाही रडला. "ठीक आहे" म्हणाला आणि पार्किंगमध्ये येऊन माझ्या हातात चावी दिली – डॉक्टरांकडे आमच्या जुन्या मोठ्या गाडीने गेलो होतो, ती मला येते.

त्याला चाळीसही नाहीत अजून.

१६ नोव्हेंबर

गेटाबाहेर काढली.

पालेगावचे स्पीडब्रेकर म्हणजे बांध. त्यात नव्या इमारतींच्या पाण्याच्या टँकरनी रस्ता उखडलेला. पण या गाडीला एक बटण आहे. दाबलं की पुढचा भाग चार बोटं वर उचलला जातो, मग ब्रेकरवरून तिरकी, हळूहळू घ्यायची. अभिजीत त्याला 'नाक वर करणं' म्हणतो. वेग वाढला की नाक आपोआप खाली. मी पहिल्या ब्रेकरला विसरले. खालून करकर झालं. त्याने डोळे मिटून घेतले, जसं त्याच्याच हनुवटीला लागलं.

आबा, माझे सासरे, ओट्यावर बसून बघत होते. परत आल्यावर म्हणाले, "काय गो, गाडी काय बैल हाय? उभी रायली त आजारी परंल?"

"महेंद्रशेठ म्हणतात पडेल, आबा."

"मंग इकून टाका ना."

अभिजीत पायऱ्या चढत होता. थांबला. मागे न बघता म्हणाला, "नाय इकनार." आणि पुढची पायरी चुकला.

आबांनी मान खाली घातली. त्यांची शेतं गेली तिथे आता सात मजले आहेत. त्या पैशातूनच ही गाडी आली, मागच्या वर्षीच्या पाडव्याला. तेव्हाही आबा एवढंच म्हणाले होते – दोनच मानसं बसत्यात, तिसऱ्यानं काय करायचं?

२३ नोव्हेंबर

रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात. तिथे नेली.

गिअर हाताने टाकायचा नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत, कानांसारखी. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. क्लच पायात नाहीच. स्टिअरिंगवर एक गोल खटका – साधं, स्पोर्ट, ट्रॅक. साध्यात गाडी शहाण्यासारखी वागते. स्पोर्टमध्ये आवाज बदलतो, पाय नुसता टेकला तरी झेपावते. ट्रॅककडे बघायचंसुद्धा नाही, असं सांगितलंय.

आणि घसरण रोखायचं बटण. मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली तर गाडी स्वतःच ताकद तोडते. "हे बंद करायचं नाही. कधीच. मी पण नव्हतो करत." तेल गरम झाल्याशिवाय जोरात दाबायचं नाही. काटा डावीकडून उठून मध्ये आला पाहिजे. तोवर तिला चालायला नेल्यासारखी न्यायची.

शिकवताना तो कॉलेजातला अभिजीत होतो. तिथेच आमचं जमलं, म्हणून घरात सगळ्यांसमोर 'अहो' आणि गाडीत बसलं की 'तू'. आज खूप दिवसांनी एवढा वेळ 'तू' म्हणाले.

३० नोव्हेंबर

ब्रेक जोरात लागला. त्याचं कपाळ पुढे गेलं. पट्ट्याने धरलं. "चांगले आहेत ना ब्रेक?" – तोच हसला. मला हसू आलं नाही.

७ डिसेंबर

भांडण.

आनंदनगरच्या चौकात उजवीकडून टेम्पो येत होता, मी थांबले. अभिजीत म्हणाला, "जा ना, रस्ता मोकळा आहे." मी म्हटलं, टेम्पो आहे. "कुठे आहे?" टेम्पो आमच्या नाकासमोरून गेला तेव्हा त्याला दिसला.

त्यानंतर सगळ्यावर चिडला. मी उशिरा गिअर टाकते. स्टिअरिंग आवळून धरते. "रिक्षा चालवल्यासारखी चालवतेस. ही गाडी अशी चालवण्यासाठी नाहीये."

"मग तू चालव."

तोंडातून निघून गेलं. घरी आल्यावर मी सॉरी म्हटलं. म्हणाला, "बरोबर बोललीस."

१४ डिसेंबर

सकाळी उठले तर शेजारी नाही. बाथरूममध्ये नाही. ओट्यावर नाही. खाली गेले – पार्किंगमध्ये जागा रिकामी.

फोन उचलेना. अभिजीतच्या आई देवापुढे बसल्या होत्या, त्यांना सांगितलं नाही. बाहेर धुकं होतं. गेटातच उभी राहिले. प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत. कुठे शोधू? पोलिसांना काय सांगू? माझा नवरा आंधळा होतोय आणि गाडी घेऊन गेलाय?

मग त्याचाच फोन आला.

"संजू, ये. मला घेऊन जा."

बदलापूरच्या पुढे, कर्जत रोडला. रिक्षा केली. रिक्षावाल्याला सारखं म्हणत होते, भाऊ जरा जोरात. वांगणीच्या अलीकडे दिसली. रस्त्याच्या कडेला, चारी दिवे लुकलुकत. तो ड्रायव्हरच्या सीटवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद.

काच खाली केली. म्हणाला, "समोरचं दिसत होतं. नीट दिसत होतं. मग डावीकडे एक माणूस आला सायकलवर. आला म्हणजे – नव्हता आणि मग होता. कसा चुकला माहीत नाही. मी चुकवला नाही. तोच चुकला."

मी त्याच्या थोबाडीत मारली. रस्त्यावर, रिक्षावाल्यासमोर. आयुष्यात पहिल्यांदा. उतरला, बॉनेटवर हात ठेवून ठेवून पलीकडे गेला आणि डाव्या सीटवर बसला. या वेळी डोकं आपटलं नाही.

मी चालवत आणली. नाक वर केलं, ब्रेकर पार केले, काहीच चुकलं नाही. बदलापूर कधी गेलं कळलं नाही.

१५ डिसेंबर

आईंना कळलंय. कसं, ते विचारलं नाही. जेवताना त्यांनी आमटीची वाटी त्याच्या हाताला लागेल अशी सरकवली.

२१ डिसेंबर

आठवडाभर बोलणं नाही. आज तोच म्हणाला, "चल, बॅटरी बसेल."

एमआयडीसीत गेल्यावर म्हणाला, इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे बघू नकोस, ऐक. स्वतः डोळे मिटले. "आता तीन हजार. आता साडेतीन. आवाज पातळ झाला ना? आता ओढ." मी काट्याकडे चोरून बघितलं. बरोबर होतं. मग म्हणाला, आता तू. मी समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून नुसतं ऐकत राहिले. आधी सगळा एकच गोंगाट. मग हळूहळू कळायला लागलं – खाली तो घोगरा असतो, मध्ये भरतो, वर गेला की ताणला जातो. ताणायच्या आधी उजवं पातं. वळणाच्या आधी डावं, म्हणजे गाडी स्वतःच हुंकार देऊन खाली उतरते.

"आलं," तो म्हणाला. "आता आलं तुला."

परतताना सांगितलं, तो पांढरी काठी शिकायला जाणार आहे. ठाण्याला एक संस्था आहे. चौकशी त्यानेच केली, मला न सांगता. मी फक्त हं म्हटलं. जास्त काही म्हटलं असतं तर रडले असते.

४ जानेवारी

आज त्याने ते मागितलं. "एकदा पूर्ण सोड तिला. मी बाजूला बसून."

आधी एमआयडीसीतला लांब सरळ रस्ता दोनदा पुढपर्यंत जाऊन बघून आले. कुत्रं नाही, माणूस नाही, कंपन्यांची गेटं बंद. मग खटका ट्रॅकवर. डावा पाय ब्रेकवर घट्ट. उजवा पाय पूर्ण खाली. गाडी जागेवर थरथरते, आवाज अर्ध्यावर अडकून राहतो. पडद्यावर खूण आली.

"सोड ब्रेक."

पाठ सीटमध्ये रुतली. पोट मागे राहिलं. भिंती, झाडं, दिव्याचे खांब – सगळं कडेने पुसलं गेलं. फक्त समोरचा रस्ता, एका गोल तुकड्याएवढा. मी काही तरी ओरडत होते. मग ब्रेक, हळू, मग जास्त, गाडी सरळ उभी राहिली.

मी हसत होते. बघितलं तर अभिजीतचे डोळे मिटलेले आणि गाल ओले.

मी म्हटलं, "कडेचं काहीच दिसत नव्हतं रे. नुसतं समोरचं."

म्हणाला, "हो. तसंच."

१४ जानेवारी, संक्रांत

तो काठी घेऊन एकटा बनूबाईंकडे गेला, तिळगूळ द्यायला. त्यांनी त्याला आत नेऊन बसवलं. म्हणे, "येवढ्याशा पदरासाठी मनात नको ठेवू रं."

१८ जानेवारी

आमची राजसी हटून बसली. मम्मीची गाडी बघायची, मम्मीच्या शेजारी बसायचं. "पप्पा मला सोडायचे ना डान्स क्लासला! आता तू सोड." खरंच, पोरगी किती दिवस त्या गाडीत बसली नाही. क्लासमधल्या मुलींना तिने सांगून ठेवलंय म्हणे, की आता तिची मम्मी चालवते.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. आधी पप्पांना थोडं फिरवून आणते, मग तुझी पाळी.

अभिजीत जेवता जेवता उठून गेला. तब्येत विचारली तर म्हणाला, पोट भरलं.

२५ जानेवारी

राजसी तयार होऊन खाली उभी होती. अभिजीतने तिला घरात पाठवलं. आज नको म्हणाला. का, ते सांगेना. एमआयडीसीत पोचल्यावर बोलला.

"डोळ्यांचं मला माहीत होतं. गाडी घेतली त्या पाडव्याच्या आधीच ठाण्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं. बाईकसुद्धा बंद कर म्हणाला होता."

"मग गाडी घेतलीस कशाला?"

"दिसतंय तोवर चालवून घ्यावी म्हणून."

राजसीचा क्लास दिवेलागणीला सुटायचा. रोज तोच आणायचा, याच गाडीतून, अंधारात.

गाडी कडेला घेतली. उतरले. रस्त्याच्या टोकाला कंपनीची भिंत आहे, तिथपर्यंत चालत गेले. भिंतीला टेकून उभी राहिले, बराच वेळ.

मग परत आले. त्याला घरी न्यायला दुसरं कोणी नव्हतं.